डॅश डी : प्रोग्राम बांधताना निर्णय कुणाचा?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. उपशीर्षकं वाचकांच्या सोयीसाठी नंतर घातली आहेत.)



आज आपण ज्या गोष्टीचा इतिहास बघणार आहोत, ती टर्मिनलवर जेमतेम एक ओळ जागा घेते. सीमेक नावाचं साधन वापरणारा माणूस साधारण अशी ओळ टाइप करतो:

सीमेक -एस . -बी बिल्ड -जी निन्जा -डी सीमेक_बिल्ड_टाइप=रिलीज

या ओळीचा अर्थ सांगतो. 'सोर्स कोड इथंच, या फोल्डरमध्ये आहे. बांधकाम मात्र बिल्ड नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये कर. निन्जा या साधनाला समजेल असा आराखडा काढ. आणि ही लोकांना द्यायची आवृत्ती आहे, चाचणीची नव्हे.' बस, इतकंच. डॅश लावून लिहिलेल्या या सूचनांना कमांड लाइन ऑप्शन म्हणतात.

तुमच्यापैकी जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्रोग्रामर जे लिहितो तो सोर्स कोड. तो यंत्राला थेट कळत नाही. कंपाइलरकडून त्याचं भाषांतर करून, सगळे तुकडे जोडून चालणारा प्रोग्राम तयार करावा लागतो. या खटाटोपाला बिल्ड म्हणतात, आणि तो करवून घेणारं साधन म्हणजे बिल्ड टूल.

आता यात ऑप्शन कशाला लागतात? आपल्याकडे पाककृतीच्या शेवटी 'मीठ चवीनुसार' असं लिहितात. लिहिणाऱ्या बाईंना ठाऊक असतं की हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिजणार आहे, त्या घरी कुणाला रक्तदाब असेल, कुणाला खारट लागत असेल. तेव्हा तेवढी जागा त्या मोकळी सोडतात. ऑप्शन म्हणजे अशीच मोकळी सोडलेली जागा. ती कोण भरतं, आणि काय भरलं याची नोंद कुठे राहते, या दोन प्रश्नांभोवती हा जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास फिरतो. आणि हे नुसतं तांत्रिक कुतूहल नाही. या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे २०२४ साली जगाने पाहिलं. तिकडे शेवटी येऊ.

मेक आणि एक वाया गेलेली सकाळ

सुरुवात १९७६ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. तिथं स्टुअर्ट फेल्डमन नावाचे संशोधक होते. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे यॅक हे साधन लिहिणारे, वैतागून त्यांच्या खोलीत आले. झालं असं होतं की जॉन्सननी एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली होती. चूक खरं तर आधीच दुरुस्त केलेली होती. पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! म्हणजे प्रोग्राम जुन्याच तुकड्यावर चालत होता, आणि हे गृहस्थ नवा कोड वाचत बसले होते.

फेल्डमनना स्वतःलाही असाच त्रास झालेला होता. त्यांनी लगेच एक साधन लिहायला घेतलं: मेक. कोणती वस्तू कशापासून बनते हे मेकफाइल नावाच्या फाइलीत लिहायचं. मग मेक प्रत्येक फाइलीची वेळ बघतो आणि जे शिळं झालंय तेवढंच नव्याने करतो. कल्पना इतकी साधी आणि इतकी टिकाऊ ठरली की २००३ साली एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने तिला आपलं सॉफ्टवेअर सिस्टीम पारितोषिक दिलं.

मेकची एक गंमत सांगायलाच हवी. मेकफाइलीत आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच करावी लागते. स्पेस दिली तर चालत नाही. आजही नवशिके इथे हटकून अडखळतात. फेल्डमननी पुढे सांगितलंय की हे गैरसोयीचं आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. डझनभर मित्रांची सोय पाहिली, आणि पुढच्या लाखो लोकांना ती टॅब निस्तरावी लागली. आपल्या या इतिहासात असं वारंवार दिसतं: सहज म्हणून घेतलेला निर्णय कायमचा होऊन बसतो.

तर मेकला वेळेचं ज्ञान होतं. पण आपण कुठल्या यंत्रावर आहोत, याचं नव्हतं. आणि ती गरज तेव्हा फारशी नव्हतीही.

आडवी रेघ कुठून आली?

इथे जरा थांबून त्या डॅशकडे बघू. बेल लॅब्सची मंडळी १९६९ पर्यंत एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासोबत मल्टिक्स नावाच्या मोठ्या प्रकल्पात होती. मल्टिक्समध्ये आज्ञेला जोडायच्या सूचना डॅशने सुरू होत, आणि पुढे चांगले पूर्ण शब्द असत. बेल लॅब्स तिथून बाहेर पडली, युनिक्स जन्माला आलं, डॅश राहिला. पण शब्दाचं झालं एक अक्षर. त्या काळी टेलिटाइपवर काम चाले, आणि ते यंत्र सेकंदाला दहाच अक्षरं छापायचं. तिथे कोण लांबलचक शब्द लिहीत बसणार?

या एकाक्षरी ऑप्शनमधलं आपल्या कामाचं अक्षर म्हणजे 'डी'. सी भाषेच्या कंपाइलरला '-डी' देऊन पुढे एखादं नाव लिहिलं, की ते नाव कोडमध्ये व्याख्या केल्यासारखं धरलं जातं. कोडमध्ये आधीच लिहून ठेवायचं: 'हे नाव असेल तर हा भाग घे, नसेल तर तो.' म्हणजे एकाच कोडमधून दोन प्रोग्राम निघू शकतात, आणि कोणता काढायचा ते बाहेरून ठरतं. हे अक्षर विसरू नका, ते आपल्यासोबत शेवटपर्यंत येणार आहे.

घर एक, वाटे अनेक

ऐंशीच्या दशकात युनिक्सचे वाटे झाले. एकीकडे बर्कली विद्यापीठाची बीएसडी, दुसरीकडे एटी अँड टीची सिस्टिम फाइव्ह, आणि त्यांच्यापासून प्रत्येक कंपनीने काढलेली आपापली आवृत्ती. फरक मोठे होते असं नाही, पण जागोजागी होते. शब्दात एखादं अक्षर शोधण्याच्या फंक्शनला एका घरात 'इंडेक्स' म्हणत, दुसऱ्या घरात 'स्ट्रसीएचआर'. काम तेच, नाव वेगळं. आपल्याकडे नाही का, मैलामैलावर एकाच भाजीचं नाव बदलतं?

मग दुसऱ्याचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर बांधायचा तर काय करायचं? मेकफाइल उघडायची, लेखकाने लिहिलेल्या टिपा वाचायच्या, आणि आपल्या यंत्राला लागू असलेले '-डी' हाताने भरायचे. ज्याला आपल्या यंत्राची कुंडली माहीत आहे त्याचं जमायचं. बाकीच्यांचं नशीब.

१९८४ मध्ये लॅरी वॉल यांनी आरएन हा प्रोग्राम लोकांना दिला. हेच पुढे पर्ल भाषेचे जनक. त्यांनी सोबत कॉन्फिगर नावाची एक स्क्रिप्ट दिली. ती यंत्राची तपासणी करायची आणि मग माणसाशी चक्क बोलायची: 'तुमच्याकडे अमुक आहे असं दिसतंय, बरोबर ना?' एकामागून एक प्रश्न. स्वभावाने विनोदी माणूस, त्यामुळे स्क्रिप्टही अधूनमधून टोमणे मारायची. पर्ल बांधताना आजही तीच परंपरा चालते.

पण शेकडो प्रश्नांना दरवेळी कोण उत्तरं देणार? म्हणून कॉन्फिगरला ऑप्शन आले. एक अक्षर सांगतं 'तुला सुचलेली उत्तरं धर', दुसरं सांगतं 'विचारत बसू नकोस, पुढे जा', तिसरं सांगतं 'गप्प राहा'. आणि एखादं उत्तर आपल्याला वेगळं द्यायचं असेल तर? '-डी', नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. कंपाइलरच्या ऑप्शनचं अक्षर आता प्रश्नावलीचं उत्तर झालं होतं.

वीस '-डी' आणि एक कंटाळलेला माणूस

जून १९९१. डेव्हिड मॅकेन्झी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी जीएनयूची बरीच छोटी साधनं सांभाळत होते. फाइलयुटिल्स हा त्यातला एक संच: फाइल कॉपी करणं, हलवणं, पुसणं, यादी दाखवणं, अशी रोजची कामं करणारा. हा संच जसजसा नव्या यंत्रांवर जाऊ लागला तसतशी मेकफाइलीत भरायच्या '-डी'ची संख्या वाढत गेली. जवळजवळ वीस झाली. वापरणाऱ्यांना त्रास होताच. पण सगळ्यात जास्त खुद्द मॅकेन्झींना, कारण प्रत्येक नवी आवृत्ती त्यांना अनेक यंत्रांवर तपासून बघावी लागे.

त्यांनी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली, जी यातल्या काही गोष्टी आपणहून ओळखेल. फाइलयुटिल्स २.० सोबत ती बाहेर पडली, मग इतर साधनांसाठी तिच्या प्रती निघाल्या. त्याच उन्हाळ्यात त्यांना कळलं की रिचर्ड स्टॉलमन आणि रिचर्ड पिक्सली हे कंपाइलरसाठी असंच काहीतरी करताहेत. मॅकेन्झींनी आपल्या स्क्रिप्ट त्यांच्या पद्धतीशी जुळवून घेतल्या, आणि तेव्हा तिच्यात पहिला ऑप्शन आला: '+एसआरसीडीआर', म्हणजे 'सोर्स कोड कुठे आहे'. हो, अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा! जीएनयूच्या लांब ऑप्शनना सुरुवातीला ते चिन्ह चालत असे. ते पॉझिक्स मानकाच्या मसुद्याशी जुळेना, म्हणून मागे पडलं आणि दोन डॅश कायम झाले.

लक्षात घ्या, मघाशी आपण सीमेकची ओळ पाहिली, तिचा पहिला ऑप्शन '-एस' होता. त्याचा अर्थही तोच: सोर्स कुठे आहे.

या स्क्रिप्टमधून ऑटोकॉन्फ घडलं. त्याची युक्ती सुंदर आहे. यंत्राचं नाव विचारायचं नाही. 'तुझ्याकडे स्ट्रसीएचआर आहे का?' असंही विचारायचं नाही. ते वापरणारा चारपाच ओळींचा प्रोग्राम लिहायचा आणि कंपाइलरला द्यायचा. झाला तयार, तर आहे. नाही झाला, तर नाही. शितावरून भाताची परीक्षा!

मग माणसाने काय सांगायचं? जे यंत्र तपासून कळत नाही तेच. '--एनेबल' म्हणजे या प्रोग्राममधली अमुक सोय चालू ठेव. '--विथ' म्हणजे बाहेरचं अमुक पॅकेज वापर. आणि सगळ्यात महत्त्वाचा, '--प्रीफिक्स': तयार झालेला प्रोग्राम कुठे बसवायचा.

या '--प्रीफिक्स'बद्दल थोडं जास्त बोलायला हवं. विद्यापीठातलं सामायिक यंत्र डोळ्यांपुढे आणा. शेकडो विद्यार्थी, आणि सगळ्या चाव्या एका व्यवस्थापकाकडे. सगळ्यांसाठीच्या जागेत काही बसवायचं तर त्यांची परवानगी हवी. पण '--प्रीफिक्स'ला स्वतःच्या होम फोल्डरचा पत्ता दिला, की ज्याच्याकडे एकही अधिकार नाही असा विद्यार्थीसुद्धा हवा तो प्रोग्राम बांधून आपल्यापुरता वापरू शकतो. सोर्स कोड खुला असणं हा कागदावरचा हक्क. तो अशा विद्यार्थ्याच्या हातात पडण्यामागे या एका ऑप्शनचा मोठा वाटा आहे.

आणि नोंद? कॉन्फिगर चालवला की कॉन्फिग डॉट लॉग नावाची फाइल तयार होते आणि तिच्या सुरुवातीलाच आपण दिलेली आज्ञा, ऑप्शनसकट, लिहिलेली असते. फारच थोडे लोक ती उघडून बघतात.

मानवी देहाच्या चकत्या आणि सीमेक

ऑटोकॉन्फच्या वाटेत एक मोठा खड्डा होता: विंडोज. कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट, आणि विंडोजवर ते शेलच नाही.

आता प्रसंग वैद्यकातला. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने व्हिजिबल ह्यूमन प्रकल्पात मृतदेहांच्या पातळ चकत्यांची छायाचित्रं घेतली. पुरुषदेहाच्या चकत्या १ मिलिमीटरच्या, स्त्रीदेहाच्या ०.३३ मिलिमीटरच्या, १९९४ आणि १९९५ मध्ये ही सामग्री खुली झाली. एवढ्या सामग्रीतून अवयव ओळखून वेगळे काढायला सॉफ्टवेअर हवं, म्हणून १९९९ मध्ये आयटीके या प्रकल्पाला पैसा मिळाला. संशोधक युनिक्सवालेही होते आणि विंडोजवालेही. दोघांकडे एकच कोड बांधला गेला पाहिजे.

त्यातली एक भागीदार किटवेअर ही न्यूयॉर्क राज्यातली कंपनी. तिथल्या बिल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास सीमेक घडवलं. सीमेक स्वतः काही बांधत नाही. तो त्या-त्या यंत्रावरच्या स्थानिक साधनासाठी आराखडा काढून देतो: युनिक्सवर मेकफाइल, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प. कोणता आराखडा, हे '-जी' सांगतो. बाकी सगळं सांगायला? आपलं जुनं अक्षर, '-डी'.

२००६ मध्ये केडीई या मोठ्या डेस्कटॉप प्रकल्पाने ऑटोकॉन्फची वाट सोडून सीमेक घेतलं आणि मग त्याचा प्रसार झपाट्याने झाला. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेलं क्यूट ६ सुद्धा सीमेकनेच बांधतात.

सीमेकने नोंदीच्या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. एकदा दिलेला '-डी' तो कॅश नावाच्या साठवणीत, बांधकामाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. पुढच्या वेळी सांगावं लागत नाही. सोय झाली. पण या आठवणीला दुसरी बाजूही आहे. समजा, लेखकाने नव्या आवृत्तीत एखाद्या सोयीची मूळ किंमत 'बंद'ची 'चालू' केली. तुमच्या जुन्या फोल्डरमध्ये मात्र 'बंद' असंच साठवलेलं आहे, आणि सीमेक ते मानतो. तुम्ही म्हणता, मी तर नवी आवृत्ती बांधली! जॉन्सनची ती सकाळ आठवा. शिळी फाइल मेकने हटवली, आता निर्णय शिळे होऊ लागले. २०२२ मध्ये, ३.२४ या आवृत्तीत, सीमेकला '--फ्रेश' हा ऑप्शन आला: सगळं विसर आणि नव्याने सुरुवात कर.

न ऐकलेली सूचना

आता एक अवघड प्रश्न. ऑप्शनचं नाव लिहिताना आपलं एक अक्षर चुकलं तर काय व्हावं?

ऑटोकॉन्फने फार काळ असा अनोळखी '--एनेबल' निमूटपणे सोडून दिला. त्याला कारण होतं: वरच्या प्रकल्पाला दिलेले ऑप्शन आतल्या उपप्रकल्पांकडे जसेच्या तसे जातात, आणि प्रत्येकाला सगळे ठाऊक नसतात. पुढे इशारा देण्याची पद्धत आली. सीमेकमध्ये '-डी'पुढे काहीही लिहा, तो ते नाव ठेवून घेतो. कुणी वापरलं नाही तर शेवटी तसं सांगतो, पण काम पुढे जातं. यूसी पाकनेन यांनी २०१३ मध्ये आणलेला मेसन मात्र आज अनोळखी ऑप्शन दिसला की तिथेच थांबतो. आणि मेसनचं अक्षर कोणतं? तेही '-डी'च!

शेकडो ओळी पडद्यावरून सरकत असताना मधला इशारा कोण वाचतो? सुरक्षेची सोय चालू केली असं समजून माणूस निघून जातो, आणि ती चालू झालेलीच नसते.

एक टिंब

म्हणूनच २०२४. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात असतं. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमाने इतबारे काम करून तिथे विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. पोस्टग्रेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि त्यांनी २९ मार्च २०२४ ला सगळं उघड केलं. तो चोरदरवाजा बांधणीच्याच यंत्रणेतून आत शिरत होता: प्रकाशित गठ्ठ्यातल्या ऑटोकॉन्फच्या एका एम४ फाइलीतून.

त्यानंतर जुने बदल तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. फेब्रुवारीत याच नावाने केलेल्या एका बदलात, सीमेकच्या फाइलीतल्या एका चाचणी-प्रोग्राममध्ये एक टिंब होतं. फक्त एक पूर्णविराम. ती चाचणी लँडलॉकची होती. लँडलॉक म्हणजे प्रोग्रामच्या अधिकारांना कुंपण घालणारी लिनक्सची सोय. टिंबामुळे तो चाचणी-प्रोग्राम कधीच कंपाइल होणार नव्हता. चाचणी फसली म्हणजे सीमेकने काय समजायचं? 'या यंत्रावर लँडलॉक नाही.' पुढे चला. कुंपण गेलं, आणि तक्रार कुणाचीच नाही.

मॅकेन्झींच्या काळची शितावरून भाताची परीक्षा मुद्दाम नासवलेल्या शितावर केली, तर काय होतं ते हे. चूक त्या युक्तीची म्हणता येणार नाही. 'सापडलं तर घे, नाही तर राहू दे' हा निर्णय आपण यंत्रावर सोडला होता, आणि तो काय ठरला हे बघायला कुणी नव्हतं.

इथे ऑप्शनची खरी किंमत कळते. एक्सझेडमध्ये या कुंपणासाठी 'ऑटो' ही मूळ किंमत होती. त्याऐवजी बांधणाऱ्याने 'लँडलॉकच हवं' असं स्पष्ट लिहिलं असतं, तर चाचणी फसताच बांधकाम थांबलं असतं. 'जमलं तर ये' आणि 'आलंच पाहिजे' या दोन निमंत्रणांत जो फरक, तोच इथे.

पुन्हा फाइलीकडे

शेवटचा टप्पा. २०२० मध्ये सीमेकला ३.१९ या आवृत्तीत प्रीसेट आले. सगळे '-डी' एका फाइलीत लिहायचे, तिला नाव द्यायचं, आणि आज्ञा देताना फक्त '--प्रीसेट' आणि ते नाव. ही फाइल सोर्स कोडसोबत राहते, तिच्यातला प्रत्येक बदल कुणी, कधी केला हे दिसतं, आणि सहकारी तो वाचून हरकत घेऊ शकतो.

म्हणजे बघा, १९८० च्या दशकात माणूस फाइल उघडून '-डी' भरत होता, आणि आज पुन्हा फाइलीतच भरतोय. फरक इतकाच की तेव्हाची फाइल त्याच्या एकट्याच्या यंत्रावर होती, आता ती सगळ्यांसमोर आहे.

एक प्रश्न

(व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं: "सर, आम्ही रोज इंटरनेटवरून अशी आज्ञा उचलतो आणि चिकटवतो. निदान काय करावं?")

चांगला प्रश्न. तीन गोष्टी करा. चिकटवण्याआधी प्रत्येक '-डी' काय ठरवतो ते विचारा; ऑटोकॉन्फचा '--हेल्प' आणि सीमेकचा कॅश दाखवणारा '-एल' त्यासाठीच आहेत. दुसरं, बांधून झाल्यावर शेवटी येणारा गोषवारा आणि इशारे वाचा, आपण मागितलेलं खरंच मिळालंय का ते बघा. आणि तिसरं, ज्या सोयीवाचून चालणारच नाही, विशेषतः सुरक्षेची, ती 'ऑटो'वर सोडू नका. ती नाव घेऊन मागा, आणि मागितल्याची नोंद प्रीसेटमध्ये ठेवा. तुमच्यानंतर तो प्रकल्प सांभाळायला येणाऱ्याला तुमचं टर्मिनल दिसणार नाही, ती फाइलच दिसेल.